एकाचीही तक्रार नाही

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या प्रयोगशाळेत जो तो समाधानी होता, आणि इंदुमती घारपुरेंना नेमकं तेच खटकत होतं.

घारपुरे उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायाधीश. ‘करुणावर्धक’ पोलीस दलात सक्तीचा करावा की नाही, याचा निर्णय सरकारने त्यांच्यावर सोपवला होता. पोलिसांची पहिली तुकडी शस्त्रक्रियेसाठी दाखलही झाली होती.

“हा नेमकं करतो काय?” त्यांनी विचारलं.

करुणावर्धकाचे जनक डॉ. तन्वीर मुलाणी उत्साहाने सांगू लागले. “दुसऱ्याला लागलेलं पाहिलं की आपल्याही मेंदूतलं वेदनेचं केंद्र किंचित जागं होतं, मॅडम. कानामागे बसवलेला हा तांदळाएवढा कण ती जाग कितीतरी पटींनी वाढवतो. समोरच्याला दुखावलं तर दुखावणाऱ्यालाच ते सोसवत नाही. असा हवालदार कोठडीत कुणावर हात उचलेल का?”

“आणि जो समोर नाही, त्याचं काय?”

“चेहरा दिसावा लागतो, आवाज कानावर पडावा लागतो. मेंदूची रीतच तशी आहे. पुराची बातमी वाचून आपण हळहळतो आणि जेवायला बसतो. पण दारात कुणी रडत असेल तर घास उतरत नाही.”

घारपुरेंनी मान डोलावली. पण सकाळपासून भेटलेला प्रयोगातला प्रत्येक स्वयंसेवक म्हणाला होता की त्रास काहीच नाही, डॉक्टर म्हणजे देवमाणूस. सगळे साक्षीदार एका सुरात बोलू लागले की ते पढवलेले असतात, हे त्या न्यायासनावर बसून शिकल्या होत्या. मुलाणींनी या लोकांना काय सांगून ठेवलं असावं?

शेवटी सुलभा खरात आत आल्या. वर्षभरापूर्वी, शाळेत मुख्याध्यापिका असताना त्यांनी करुणावर्धक बसवून घेतला होता.

“काही त्रास?”

“छे हो! उलट मन कसं भरून येतं.” बोलताना सुलभाताई मुलाणींकडे पाहत होत्या.

घारपुरेंनी पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताजवळ धरला. सुलभाताईंचं लक्षच गेलं नाही. पेला थोडा पुढे सरकवला, तरी नाही. मान वळवल्यावर मात्र त्या दचकल्या.

“डाव्या डोळ्याने दिसत नाही ना तुम्हाला?”

“वय झालं आता.”

“कधीपासून?”

मुलाणींचा चेहरा उतरला, तशी सुलभाताईंनीच घाईघाईने त्यांची समजूत घातली, “डॉक्टर, तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. खरंच काही नाही.”

तेव्हा घारपुरेंना उमगलं. यांना कुणी पढवलंच नव्हतं. त्यांनी दार उघडून बाहेर बसलेल्या तुकडीतल्या एका शिपाई मुलीला बोलावलं. वैजयंती तिचं नाव.

“यांना वर्षभराचा अनुभव आहे. काय विचारायचं ते विचार.”

वैजयंती सुलभाताईंसमोर बसली. “काकू, भीती वाटते हो. मी गस्तीची गाडी चालवते. डोळ्याबिळ्याला काही होत नाही ना?”

सुलभाताईंनी त्या मुलीकडे पाहिलं, मग मुलाणींकडे, मग पुन्हा मुलीकडे.

“नको करून घेऊस गं बाई,” त्या रडू लागल्या. “दुसऱ्या महिन्यापासून अंधुक व्हायला लागलं, आता काहीच दिसत नाही. माझ्याबरोबरच्या दोघांचंही तेच झालंय. पण डॉक्टरांचा चेहरा पाहिला की सांगवत नाही.”

मुलाणी खुर्चीत बसले. “मी कुणालाही गप्प राहायला सांगितलं नव्हतं, मॅडम.”

“ठाऊक आहे. सांगितलं असतंत तर मी केव्हाच पकडलं असतं. हे सगळे तुमच्यावर दया करून खोटं बोलले. तुमच्या यंत्राने जे करायला हवं होतं, तेच त्याने केलं.”

“एकही शस्त्रक्रिया होणार नाही आता,” मुलाणी कापऱ्या आवाजात म्हणाले. “शब्द देतो.”

घारपुरे पर्स घेऊन उठल्या. “इतक्या चटकन मान्य कराल असं वाटलं नव्हतं.”

“न करून कसं चालेल? तुमच्या तोंडावरची काळजी मला बघवेना.” मुलाणींचा हात कानामागे गेला. “मीही गेल्याच महिन्यात बसवून घेतलाय. लोकांवर प्रयोग करायचे आणि आपण नामानिराळं राहायचं, हे पटेना मला.”

घारपुरे जागीच थांबल्या.

तेवढ्यात सहायकाने दार ढकललं. “सर, संस्थेचे अध्यक्ष आलेत. फार आनंदात आहेत. पेढे घेऊन आलेत.”

“अरेरे!” मुलाणींचे डोळे एवढ्यातच पाणावले. “बिचारे! आता त्यांना कसं सांगू मी हे?”

घारपुरेंनी पर्स टेबलावर ठेवली. सुलभाताईंना आणि वैजयंतीला उठू नका म्हणून खुणावलं. मग स्वतःची खुर्ची ओढत नेऊन मुलाणींच्या अगदी समोर मांडली. उभी हयात न्यायासनावर चेहरा कोरा ठेवण्यात गेलेली ती बाई आता, जिन्यावर पावलं वाजू लागली तसं, चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणू लागली.