कुलूपवाला आणि माझ्या गोळ्या

"कुलूप ठणठणीत आहे तुमचं," कुलूपवाला म्हणाला. "मागच्या वेळीही होतं. खरं सांगा… मला बघायला तर बोलावत नाही ना?"

बाहेर पाऊस लागला होता, त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि मला हसू फुटलं. मग रडू. "कुलूप चांगलंय. डोकं बिघडलंय माझं," मी म्हटलं.

मंत्रचळ म्हणतात त्याला. दार लावायचं, ढकलून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा… शिवणाच्या दुकानात रोज उशीर आणि मालकीणबाईंची बोलणी. डॉक्टरबाईंनी नुकत्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. "डोस हळूहळू वाढवू. गुण यायला अडीच-तीन महिने लागतात. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत," त्यांनी बजावलं होतं. गुणाचा पत्ता नव्हता, मळमळ तेवढी इमानेइतबारे होत होती.

"मग कुलूप बिघडायची वाट कशाला बघू?" तो म्हणाला. "उद्या असाच येतो."

तो येत राहिला. मी दाराकडे वळले की माझी करंगळी धरायचा — जराही जोर न लावता. होता होता मी एकदाच दार ओढून निघू लागले. मला वाटलं, प्रेमाने बरी झाले मी. तोवर गोळ्या लागू पडल्या असतील, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. प्रेमात माणसं असलीच शहाणी असतात.

"आता गोळ्या कशाला?" तो लाडात म्हणाला. "मी आहे ना."

मी गोळ्या सोडल्या. आईला मात्र घेतेय म्हणूनच सांगत राहिले.

आधी चक्कर आली, मग झोप उडाली. काही आठवड्यांत दाराचा ध्यास परत आला, दुपटीने. जिना उतरणंच जमेना. दुकान सुटलं. तो करंगळी धरायचा, मी हिसडा द्यायचे. "माझ्यासाठी तरी थांब गं…" तो भिंतीला टेकून म्हणायचा. मला थांबता येत नव्हतं. त्याच्यासाठीही नाही. इतकी हताश मी कधीच नव्हते.

शेवटी आईने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "पुन्हा छोट्या डोसपासून सुरुवात. पुन्हा तितकीच वाट. मागच्याइतका गुण येईलच, असं वचन नाही देत."

संध्याकाळी तो आला. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हाही गोळ्याच होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं… मी होतो."

"हसत होते ती तुझ्यामुळे. बरी होत होते ती गोळ्यांनी."

"आणि माझं प्रेम?"

"माझंही आहे. खूप आहे. पण पुरत नाही रे ते."

तो बराच वेळ टेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिला. "पुरत नाही, हे रोज बघणं मला नाही जमणार," म्हणाला, आणि माझ्या केसांवरून हात फिरवून जिना उतरू लागला.

हाक मारली असती तर तो वळला असता. मग मला पुन्हा वाटलं असतं, की पुरतं. मी हाक मारली नाही. आईने पाण्याचा पेला पुढे धरला, आणि मी गोळी गिळली.