दादाचं पान

बारकीचा लॅपटॉप मी उघडला तो एका मंगळवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. आईला सांभाळायला येणाऱ्या ताई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. आतल्या खोलीत पलंगावर बसून आईने मला दोनदा विचारलं होतं, की वायरमन, तुमचं काम कधी आटपणार.

वायरमन म्हणजे मी, तिचा थोरला मुलगा. दोनेक वर्षांत आईच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून गेली, आणि त्यात माझा नंबर बराच आधी लागला. लांब राहणारा, फोनवरसुद्धा सदा घाईत असणारा मुलगा लवकर पुसला जातो, यात तिचा काय दोष?

यासाठीच बारकीने एक वेब ॲप लिहायला घेतलं होतं. प्रत्येक नात्याचं एक पान. वर फोटो, खाली त्या माणसाच्या आवाजात तीस सेकंद. मावशीच्या पानावर मावशी सांगायची, मी तुझी धाकटी बहीण, आपण दोघी एकाच सायकलवरून शाळेत जायचो. चेहरे आईला दगा द्यायचे, पण आवाज तिला अजून ओळखू यायचे. मामाचं पान होतं, शेजारच्या काकूंचंही होतं. दादाचं, म्हणजे माझं, नव्हतं. ते तीस सेकंद बारकीने माझ्याकडे चारदा मागितले होते आणि चारही वेळा मी "उद्या पाठवतो" म्हणालो होतो. मी स्वतः याच धंद्यातला, दिवसभर लोकांची ॲपं दुरुस्त करतो. घरच्या कामाला तेवढी सवड नव्हती.

ते अर्धं काम पुरं करावं, आईला एकदा तरी माझी ओळख पटावी, एवढ्यासाठी मी बसलो होतो.

आधी तिच्या मशीनवर लोकल सर्व्हर लावायचा होता. लोकल म्हणजे घरातल्या घरात. पान मागणारंही तेच यंत्र आणि देणारंही तेच, बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही. तिच्या सेटिंग अर्धवट होत्या. फोल्डरचा रस्ता दुरुस्त केला, पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, बदललं, सर्व्हर सुरू केला. बाजूच्या खिडकीत लॉग उघडून ठेवला. लॉग म्हणजे सर्व्हरचं हजेरीपुस्तक. कुणी, किती वाजता, कोणतं पान मागितलं, सगळं त्यात येतं. पान मिळालं तर २००, नसलं तर ४०४.

मावशीचं पान उघडून पाहिलं. २००. लॅपटॉप तापायला लागला तसा की-बोर्डमधून बामाचा वास यायला लागला. बारकीचं डोकं सारखं दुखायचं, आणि ती कपाळाला बाम चोळून त्याच बोटांनी टाइप करायची. मी हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

तेव्हा लॉगमध्ये एक ओळ आली. दादा. ४०४.

मी काहीच दाबलं नव्हतं.

पुन्हा. दादा. ४०४. मग थोडं थांबून लागोपाठ दोन.

आम्ही लोक भूत आधी सेटिंगमध्ये शोधतो. वाटलं, घाईत नेहमीची चूक केली, सर्व्हर घरच्या वायफायला उघडा टाकला आणि कुणाचा तरी फोन येऊन धडकतोय. तपासलं. उघडा नव्हता. मागणारं यंत्र हेच होतं. मग वायफाय बंद केलं. ब्राउझर बंद केला. चालू असलेला एकेक प्रोग्रॅम हुडकून मारला. पंख्याची घरघर तेवढी उरली, आणि त्या ओळी. ठरावीक वेळाने आल्या असत्या तर म्हटलं असतं, असेल एखादी आपोआप चालणारी, विसरलेली स्क्रिप्ट. पण त्या माणसाने दार वाजवावं तशा येत होत्या. एकदा, मग वाट बघून, मग जरा घाईने.

खरं सांगू? भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दवाखान्यातून बारकीने शेवटचा मेसेज हाच केला होता, जमलं तर आज पाठव.

मी माइक चालू केला. म्हणालो, आई, मी दादा, तुझा मोठा. तुझं शिलाई मशीन उघडून बसलो होतो आणि मला ते परत जोडता आलं नाही, तो मी. तीस सेकंद संपता संपता तोंडातून निघून गेलं, "उशीर झाला गं." ते आईसाठी नव्हतं. पण मी ते तसंच राहू दिलं.

फाइल जागेवर ठेवली. पुढची ओळ आली. दादा. २००. मग लॉग शांत झाला, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

डोळे पुसून लॅपटॉप आत नेला, आईच्या पुढ्यात ठेवून पान लावलं. तिने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

किती तरी दिवसांनी मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. मान वर केली तेव्हा लॉगमध्ये नवी ओळ होती.

आई. ४०४.

आईचं पान कुणी केलंच नव्हतं. करणार कशाला? ती सगळी पानं आईसाठी होती. आईची आठवण कुणाला करून द्यायची होती? पुन्हा आली. आई. ४०४. मग लागोपाठ तीन. सर्व्हर बंद करायला मी हात पुढे केला, तर आईने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. ती स्क्रीनकडे बघत होती.

"कोण विचारतंय?"

"कुणी नाही, आई... बंद करतो मी."

"थांब." ती लॅपटॉपवर वाकली, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाली, "हो गं... येते. याच्याशी एवढं बोलून घेते."

माइक बंद होता. फाइल कुणी ठेवली नव्हती. तरी पुढची ओळ आली. आई. २००.

आईने लॅपटॉप बाजूला सारला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"बोल रे दादा," ती म्हणाली. "भरभर बोल."