अर्ध्या पाण्यात मोजलेला ताप

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, बोदलकशा तलावाच्या पाण्याची शपथ. मी त्या दुपारी घाटावर उभा राहून सगळं पाहिलं. म्हणजे, त्या दुपारी मी फुलचूरला घरात कडी लावून वाफ घेत बसलो होतो. पण बारा तोंडांतून ऐकलेलं एकदा पाहिल्यासारखंच असतं.

कोरोनाची दुसरी लाट, वैशाखातलं ऊन. गावानं शिवेवर बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद केला होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, तलावापलीकडच्या डांबरी सडकेवर येतो, एक वाजेपर्यंत थांबतो. तेव्हा भूमेश्वरीचं काम एवढंच होतं : नवऱ्याला पाण्यापलीकडे न्यायचं. लोकेंद्रचा श्वास तीन दिवस अडकत होता आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

पण तापाच्या माणसाला डोंग्यात घ्यायला एकही ढिवर नावाडी तयार नव्हता. नंदलाल गेल्यापासून.

नंदलालसारखा काळजीचा नावाडी त्या तलावावर दुसरा नव्हता. डोंग्यात त्यानं चुन्याचे तीन गोल काढले होते, एक स्वतःचा, दोन उतारूंचे. चढताना कपाळावर ताप मोजायची बंदूक, हातावर सॅनिटायझर, तोंडाला मास्क. तरी तो गेला. किट घातलेल्या चौघांनी त्याला जाळला, मास्कसकट.

त्यानंतर भर दुपारी त्याचा डोंगा आपोआप सुटतो, असं लोक म्हणू लागले. वल्ह्याच्या खुंटीवर धुतलेला पांढरा मास्क दिसतो, ओला. दुपारी कुणी घाटाकडे फिरकेना. भूमेश्वरीला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती दुपारी आली.

लोकेंद्रला खांद्यावर पेलत आली. वाटेत चार वेळा दुपट्टा भिजवून त्याच्या कपाळावर थापला. त्याच्या तोंडाला तिनंच शिवलेला मास्क होता, तिच्या हिरव्या लुगड्याच्या काठाचा.

घाटावर चिखलाच्या वासात सॅनिटायझरचा वास मिसळलेला होता. नंदलालचा डोंगा काठाला होता, खुंटी रिकामी होती.

"लांबून... एक त्या गोलात, एक या गोलात."

भूमेश्वरीनं मान वर केली. कुणाचाही मास्क श्वासासरशी आत जातो, बाहेर येतो. समोरचा मास्क हलत नव्हता.

"ताप हाये का?"

"नाही जी, नंदलालभाऊ."

बंदूक वाजली. सत्त्याण्णव. डोंगा सुटला.

वल्ह्याचा आवाज नाही. काठावरचे पाणकावळेसुद्धा गप्प. आवाज फक्त लोकेंद्रच्या छातीचा, फाटक्या भात्यासारखा. पलीकडे सडकेवर पांढरी गाडी दिसू लागली, मिरगाच्या किड्याएवढी. भूमेश्वरी तिच्यावरून नजर काढेना.

बरोबर मधोमध डोंगा थांबला.

"अर्ध्या पाण्यात पुन्हा मोजतो आता. पयले नव्हतो मोजत."

"काऊन जी?"

"ओलं कपाळ खोटं बोलते, बाई. उन्हानं वाळलं का खरं सांगते."

दुपट्टा कधीच वाळून कडक झाला होता. भूमेश्वरीचा हात पाण्याकडे गेला आणि तिथेच थबकला. वीस दिवसांपूर्वी याच डोंग्यात चढण्याआधी तिनं तापाची गोळी गिळली होती, तोंडावर पाणी मारलं होतं. तिरोड्याहून घरी यायची घाई होती. ती बरी झाली. नंदलाल मेला. आणि आता लोकेंद्र.

"ताप हाये, भाऊ," ती म्हणाली. "एकशेतीन. आन् त्या दिवशी... मलेही होता."

"माहीत हाये."

"मंग आज कायले घेतलं आम्हाले?"

नंदलालनं बंदूक लोकेंद्रच्या कपाळासमोर धरली. आकडा पाहिला, सांगितला मात्र नाही. बराच वेळ तो लोकेंद्रचे दंड न्याहाळत राहिला. शेतकरी गडी, पंचवीस वर्षं नांगर धरलेले दंड.

"एकट्यानं वल्हं ओढवत नाही मले," तो म्हणाला. "छाती भरून येते..."

"मी मारतो वल्हं," भूमेश्वरी म्हणाली. "मले ने. त्याले गाडीत बसू दे."

"तुले पोरं हायेत."

"तुलेही होते, भाऊ."

 डोंगा हलला आणि पलीकडे लागला.

एक वाजायला पाच मिनिटं होती. किटमधल्या माणसांनी लोकेंद्रला उचललं, नाकाला नळी लावली, दार लावलं. तिला बरोबर येऊ दिलं नाही, तोही नियमच. लोकेंद्र एकोणिसाव्या दिवशी घरी आला. आधी चहा मागितला, मग चहात साखर कमी म्हणून कुरकुरला.

आजही भर दुपारी त्या घाटावर जा. खुंटीवर दोन मास्क वाळत असतात. एक पांढरा. दुसरा हिरव्या लुगड्याच्या काठाचा. दोन्ही ओले. आणि डोंगा हल्ली पूर्वीपेक्षा लवकर पार होतो, असं ढिवर सांगतात.

आता कबूल करून टाकतो. ह्यात पदरचं मी एकच घातलंय, तो एकोणिसावा दिवस आणि तो चहा. तेही मागणीवरून. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा भूमेश्वरी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत होती. मग हळूच म्हणाली,

"गोष्टीत तरी घरी आणा त्याले, भाऊजी."