ऑक्टोबरातलं हिलो

"तुमचे मिस्टर कधीचे येऊन बसलेत," वेट्रेस म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत तिनं मला एका टेबलाशी नेऊन उभं केलं.

टेबलावरचा माणूस गडबडून उठला. उंच, सावळा. शर्टाच्या बाहीवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे.

"सॉरी, देअर इज सम मिस्टेक," तो म्हणाला. मग स्वतःशीच, हळूच — "आयला, आता काय करायचं?"

"बसायचं," मी मराठीत म्हटलं. "सूप गार होतंय तुमचं."

तो इतका दचकला, की चमचा खाली पडला.

हवाईला येणारी माणसं डिसेंबरात येतात, आणि तीही बहुतेक उन्हाच्या किनाऱ्यांवर. हिलो गावात सदा पाऊस असतो. पंच्याऐंशीच्या त्या ऑक्टोबरात हॉटेलच्या दीडशे खोल्यांत आम्ही बारा-पंधरा माणसं होतो. अर्धा डायनिंग हॉल दिवे मालवून बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या. दोन भारतीय चेहरे दिसल्यावर वेट्रेसनं एकच टेबल मांडलं, यात तिची तरी काय चूक?

"कोल्हापूरकडचे?" मी विचारलं.

"हातकणंगल्याजवळ. 'आयला'वरनं ओळखलंत होय?" तो लाजून हसला. "प्रसन्न मगदूम. साखर कारखान्यात इंजिनियर. इथली एक मिल बंद पडलीय. तिची मशिनरी आमच्या कारखान्यानं घेतली. ती खोलून, नंबर घालून बोटीवर चढवायची. सात आठवडे झाले. बरोबरचे फिटर परत गेले... मराठी बोलून पंधरा दिवस झाले बघा मला. तुम्ही?"

"सुलेखा. न्यू जर्सी, पार्सिपनी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे."

"आणि इथं?"

"सुट्टी."

"एकट्याच?"

हा प्रश्न मला सवयीचा होता. नऊ वर्षं लॅबमध्ये ख्रिसमसची ड्यूटी माझी, थँक्सगिव्हिंगची माझी. "तुला काय, सुलेखा, तू एकटीच आहेस." साठलेली रजा या महिन्यात संपवलीच पाहिजे, असं बॉसनं बजावलं, तेव्हा ट्रॅव्हल एजंटनं सगळ्यात स्वस्त होतं ते तिकीट हातात ठेवलं. आल्यापासून दोन दिवस मी खिडकीतून पाऊस बघत होते. 'एक कॉफी' आणि 'थँक यू' याशिवाय तोंडातून शब्द निघाला नव्हता. पण प्रसन्नच्या विचारण्यात कीव नव्हती. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"एकटीच," मी म्हणाले.

"मग उद्या मिल बघायला येता? बघण्यासारखं काही नाही तिथं... पण चला."

दुसऱ्या दिवशी त्याच्या पिकअपमधून आम्ही निघालो. डावीकडे उसाचे मळे, उजवीकडे करडा समुद्र. मळ्यांत कुणी कोयता चालवत नव्हतं, वाटेतल्या दुकानांवर फळ्या ठोकलेल्या. मिलच्या आत मात्र अजून मळीचा गोड, आंबूस वास होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्या केवढ्याथोरल्या शेडमध्ये एकच म्हातारा झाडू मारत होता.

"हे तानाबे. अडतीस वर्षं इथं होते," प्रसन्न म्हणाला. "आता रखवालदार."

तानाबेंनी मला वाकून नमस्कार केला. मग खिशातून कागद काढून प्रसन्नपुढे धरला — मशिनरी जातेय त्या गावाचं नाव लिहून दे म्हणाले. प्रसन्ननं इंग्रजीत एकेक अक्षर सुटं लिहिलं. म्हाताऱ्यानं ओठ हलवत तीनदा वाचून पाहिलं, चुकला, हसला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग उसाच्या रोलरवर त्यानं तळवा ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

मी तोंड फिरवलं. प्रसन्ननं ते पाहिलं. त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्यापुढे सरकवला.

"घ्या. या पाइपवर नंबर घाला. दोनशे चौदा."

मी मराठी आकड्यांत घातला.

"अहो! बंदरावर कस्टमवाले काय म्हणतील?"

"म्हणावं, अमेरिकन बाईनं घातलाय."

"तुम्ही कसल्या अमेरिकन?" तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "तुमच्या नाकाला रंग लागलाय."

"मग पुसा."

रुमाल त्यानं काढला खरा, पण तो माझ्या हातात दिला. कान मात्र लाल झाले होते त्याचे.

पुढचे चार दिवस असेच गेले. सकाळी मिल, संध्याकाळी खाडीच्या कडेनं वडांखालून चालणं. वड तिथलेही आपल्यासारखेच, पारंब्यांचे. छत्री एकच असायची, माझी. तो मुद्दाम विसरून यायचा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आईविषयी बोलायचा, गळीत हंगामाविषयी बोलायचा, आणि मध्येच थांबून म्हणायचा, "तुम्ही सांगा की काहीतरी." मला नवल वाटायचं, की सांगण्यासारखं माझ्याजवळ इतकं होतं. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी दुपारी माझं विमान होतं. त्यालाही पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. विमानतळावर बाकावर आम्ही बसलो होतो आणि तो बोटांना लागलेला रंग खरवडत होता.

"प्रसन्न, काही बोलणार आहेस की मी जाऊ?"

"बोलायचंय... भीती वाटते."

"माझी?"

"नाही गं. या जागेची." त्यानं मान वर केली. "मला तू आवडतेस. लई आवडतेस. पण इथं दुसरं होतं कोण? पंधरा दिवस भिंतींशी बोलत होतो मी, आणि तू तुझ्या खिडकीशी. एकटं माणूस कुणालाही धरतं, सुलेखा. तू तुझ्या माणसांत जा. तिथं गेल्यावरही मी आठवलो, तर कळव. नाही आठवलो तर... राहू दे. मी वाईट वाटून घेणार नाही."

मला राग आला. मग वाटलं, असेलही खरं. त्यानं कारखान्याचा फोन नंबर लिहून दिला. फाटकातून आत गेल्यावर मी वळून पाहिलं, तर तो तिथंच उभा होता, हात वर न करता.

नोव्हेंबरात वसुधाकाकूंच्या घरी दिवाळी होती. पार्सिपनीतली निम्मी मराठी घरं त्यांच्या बेसमेंटमध्ये जमली होती, सत्तरएक माणसं. कुणी ग्रीन कार्डचं बोलत होतं, कुणी नव्या गाडीचं. "आई, कॅन वी गो होम नाऊ?" म्हणत पोरं पायांतून पळत होती. माझ्याशी सगळेच बोलत होते. कुणाचा तरी चुलतभाऊ बोस्टनहून खास आला होता, आणि तो वाईटही नव्हता. मी हसत होते, विचारलं त्याला उत्तरं देत होते. आणि सारखं मनात येत होतं, हे प्रसन्नला सांगितलं पाहिजे... करंजीत काकूंनी काजूऐवजी पीनट्स घातलेत, हे त्याला सांगितलं पाहिजे. तो इथं नव्हता, आणि या सत्तर माणसांत मी जितकी एकटी होते, तितकी हिलोतही नव्हते.

मी काकूंना गाठलं. "काकू, वरून इंडियाला फोन करू?"

"आत्ता? तिकडे आत्ताशी उजाडत असेल गं. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. एकाला उत्तर द्यायचंय."

काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि जिन्याकडे हात केला.

ऑपरेटरला लाइन मिळायला वीस मिनिटं गेली. पलीकडे यंत्रांची घरघर, कुणीतरी "मगदूम साहेब!" म्हणून ओरडलं, आणि मग धापा टाकत तो आवाज.

"हॅलो! कोण?"

"सुलेखा."

त्यानं कुणाला तरी दार लावायला सांगितलं.

"कुठनं बोलतेस? एवढा गलका कसला?"

"खाली सत्तर माणसं आहेत. मुद्दाम इथूनच फोन केला."

"आणि?" त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आणि तूच आठवतोस... सारखा."

लाइनीत खरखर झाली. मला वाटलं, लाइन तुटली.

"प्रसन्न? ख्रिसमसची ड्यूटी मी या वर्षी घेत नाहीये. महिनाभर येते. तुझी आई, तुझं गाव, सगळं बघते. कुणी कुठं राहायचं, ते मग दोघं मिळून ठरवू."

"हंगाम असतो गं तेव्हा," तो म्हणाला. हसत होता की रडत होता, मला कळेना. "मी सदा कारखान्यात. घर पाहुण्यांनी भरलेलं. तुला बसायला जागा मिळायची नाही."

"मी उभी राहीन," मी म्हणाले.