पावणेसहाची बस

प्रयोगशाळेतून ती धावत सुटली, पांढरा कोट अंगात तसाच. पावणेसहाची बस चुकली की पुढची थेट साडेसातला. थांब्यावर पोचली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. बसचा मात्र पत्ता नव्हता... एक उंच मुलगा मोबाइल वर धरून खांबाचा फोटो काढत होता.

"आता धावून उपयोग नाही," तो म्हणाला. "सोमवारपासून ती बस बंद झालीय."

खांबावर दोन ओळींची सूचना होती. प्रवासी कमी, सबब फेरी रद्द. तिनं ती दोनदा वाचली.

"फोटोत तू पण आलीस," तो जरा अवघडून म्हणाला. "पुसून टाकू?"

"आधी कशी आलेय ते बघते – मग सांगते."

तो हसला, काहीबाही बोलत राहिला, आणि ती ऐकतच राहिली. हा आवाज तर ती गेले दोन महिने रोज कानात घालून फिरत होती!

सोशल मीडियावर रसायनशास्त्राच्या मुलांचं एक पान होतं. आपलं अडलेलं गणित तिथे टाकायचं, ज्याला येतं त्यानं सोडवायचं. तिथला 'मास्तर' रेकॉर्ड करून टाकलेल्या उत्तरांत असं काही सोपं करून बोलायचा, की वर्गात डोक्यावरून गेलेलं घरी भांडी घासता घासता कळायचं. पान सांभाळायची ती. चणीनं लहान आणि सदा कामात, म्हणून सगळ्यांची मुंगी.

"तू मुंगी?" तिनं ओळख सांगितली तसा मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं होतं, कुणी चष्म्यातून दटावणाऱ्या बाई असतील."

घरी पोचायला तिला आठ वाजले. बाबा रागावले नाहीत, पण जेवताना शांतपणे म्हणाले, की रोज असंच होणार असेल तर पुढच्या सत्रात प्रयोग नसलेला विषय घे.

तो खांबाचा फोटो मास्तरकडून घेऊन तिनं पानावर टाकला. तासाभरात कळलं, की अडकलेली ती एकटी नव्हती. प्रवासी कमी म्हणतात ना, मग मोजूनच दाखवू, असं मास्तरनं सुचवलं. आठवड्यात तीन कॉलेजांची साठ मुलं तीन थांब्यांवर वह्या घेऊन उभी राहिली. तक्ता म्हटला की पळ काढणारी मुलं तक्ते आखू लागली, अर्ज कसा लिहायचा ते एकमेकांना विचारू लागली. मुंगीला इतकं भारी कधीच वाटलं नव्हतं. थांब्यावर मास्तर तिच्या शेजारी उभा राहायचा, आणि मोजता मोजता दोघांचाही आकडा हमखास चुकायचा.

अशात पानावर आली आकडेवाली. दुसऱ्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी, हुशार, आणि बोलायला नको तितकी गोड. आकडे कसे मांडायचे, सरासरी कुठे फसवते, हे तिनं सगळ्यांना शिकवलं. मास्तर तिच्या प्रत्येक तक्त्याखाली 'वा!' लिहू लागला. मुंगीला त्यानं आजवर 'ठीक' याच्या पुढे काही लिहिलं नव्हतं.

त्यात गंमत अशी, की पानावरचा प्रत्येक संदेश आधी मुंगीकडे यायचा. तिनं होकार दिला की मगच तो सगळ्यांना दिसायचा. म्हणजे त्या दोघांच्या गप्पा तिच्याच हातून जायच्या. त्याचा विनोद, होकार. आकडेवालीचं हसू, होकार. दात-ओठ खात ती बटण दाबायची. पानावर कुणी कुणाला फोन नंबर द्यायचा नाही, असा नियमही तिनं घाईघाईनं केला. का, ते सांगायला नको.

परिवहन कचेरीत भेटीची वेळ मिळाली, त्याच्या आदल्या दिवशी आकडेवालीचा संदेश आला. 'मास्तर, तुझ्याशी नीट बोलायला हवं...' मुंगीनं तेवढंच वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं तो संदेश तसाच अडवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या बाकावर, साहेबांच्या बोलावण्याची वाट पाहताना, तिनं तो धीर करून पूर्ण उघडला. पहिल्या थांब्यावर गर्दी झाली की मुलं चालत दुसऱ्या थांब्यावर जातात, तिथे ती पुन्हा मोजली गेलीत, असं आकडेवालीनं कळवलं होतं. म्हणजे मोजणीतून आलेला दोनशे चौदा हा आकडा खोटा होता. आणि तोच मास्तरच्या हातातल्या अर्जावर छापलेला होता.

गप्प बसता आलं असतं. तिनं फोन त्याच्यापुढे धरला.

"कालच आलाय हा. मी अडवला."

"का?"

"तिनं तुला लिहिलेलं... मला बघवत नव्हतं."

त्यानं मान वळवली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुंगीनं पानावर सगळ्यांदेखत चूक कबूल केली आणि आकडेवालीकडे दुरुस्त तक्ता मागितला. चार मिनिटांत तो आला. एकशे त्रेसष्ट. मास्तरनं अर्जावरचा आकडा पेनानं खोडला.

साहेबांनी आपली फाइल उघडून तो पडताळून पाहिला. दोनशे म्हणाला असतात तर दारातूनच परत पाठवलं असतं, असं ते म्हणाले, आणि तीन महिन्यांसाठी बस सुरू करून बघू, असं त्यांनी लिहून दिलं. बाहेर मुलांनी जल्लोष केला. मास्तर मात्र तिच्याशी न बोलता निघून गेला. पुढचे आठ दिवस पानावरही त्याचा आवाज नव्हता.

बस सुरू झाली त्या संध्याकाळी थांब्यावर एक अनोळखी मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आकडेवाली. मुंगीनं माफी मागितली, तशी ती म्हणाली, "मलाही तो आवडायचा. पण मी कुणाचं बोलणं अडवलं नाही." मुंगीची मान खाली गेली. "अजून तुझा राग आहे मला. पण पान सोडायचं काही मनात आणू नकोस. साठ मुलांना तूच गोळा केलंयस." एवढं बोलून ती पुढच्या दारानं बसमध्ये चढली.

मागच्या दाराच्या पायरीवर मास्तर उभा होता.

"मला तू आवडतोस," मुंगी एका दमात म्हणाली. "हे आधीच सांगायला हवं होतं. असलं काही करण्यापेक्षा."

कंडक्टरनं एकदा घंटी दिली.

"तुमच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरी मला पानावर दादा म्हणतात," तो शेवटी म्हणाला. "तू एकदाही म्हणाली नाहीस. माझ्या लक्षात होतं ते."

"मग... आता म्हणू?"

"म्हणून तर बघ," तो म्हणाला, आणि तिला वर घ्यायला त्यानं हात पुढे केला.