लॅपटॉपमधली शीळ

हरिदास तायडे मूळचा अकोल्याचा. बहरीनमधले आपले जुने लोक त्याला ओळखतात. मोजकं बोलणारा माणूस, थापा मारणं त्याच्या स्वभावातच नाही. भूतखेत, अंगारे-धुपारे यांतलं काही त्याच्या घरात चालत नसे. सकाळी बुद्धवंदना, मग कामावर, संध्याकाळी मुलीचा अभ्यास. त्याच्या बाबतीत जे झालं ते त्यानं फार थोड्यांना सांगितलं, आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. तेव्हा पोरांनो, हसायचं असेल तर उद्या उजेडी हसा.

शहाण्णव सालचा ऑक्टोबर संपत आला होता. मआमीरच्या ज्या कंपनीत हरिदास त्या वर्षी नवा लागला होता, तिथं नुकताच शटडाऊन उरकला होता. शटडाऊन म्हणजे सगळा प्लांट बंद ठेवून दिवसरात्र दुरुस्ती. माणसं अक्षरशः पिळून निघतात. काम संपलं, पण त्याचा भलामोठा रिपोर्ट लिहायचा राहिला आणि तो हरिदासच्या गळ्यात पडला. तिकडे अकोल्याला वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. धाकट्या भावाचा, अश्वजितचा, फोन यायचा, "दादा, बाबा रोज विचारून राहिले, हरी कधी येते म्हणून." हरिदासनं रजेचा अर्ज टाकला होता. मॅनेजर म्हणाला, "आधी रिपोर्ट दे, मग रजेचं बघू."

ऑफिसच्या वेळेत ते काम होणार नव्हतं. म्हणून एके दुपारी हरिदास स्टोअरमध्ये लॅपटॉप मागायला गेला. तेव्हाचे लॅपटॉप म्हणजे वीट. स्टोअरकीपरनं वरच्या फळीवरून एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला, फडक्यानं पुसला आणि सही घेऊन हातात दिला. एवढंच.

हरिदास तेव्हा हिद्दला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. जेवणं झाल्यावर त्यानं जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडला. तासभर काम केलं, पाणी प्यायला उठला आणि त्याला आवाज आला. बारीक, चिरका. डासाच्या आवाजाहूनही बारीक. कुणी कानात सुई फिरवावी तसा. तो परत येऊन बसला, हात कीबोर्डवर टेकले. आवाज बंद.

पहिल्या रात्री त्याला त्यात काही वाटलं नाही. टेक्निकल माणूस. म्हणाला, स्क्रीनच्या आतल्या लाइटचं सर्किट असेल, जुनं झालं की असं किणकिणतं. त्यानं स्क्रीनचा उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावला. खाली टॉवेल घातला. फरक नाही. बोटं चालत असली की लॅपटॉप गप्प. हात थांबले, डोळे मिटले, जरा मान टेकली, की शीळ सुरू.

त्यानं बायकोला विचारलं. पुष्पलता टेबलाशी वाकून कान देऊन उभी राहिली. "मले तर काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. मुलगी, श्रावस्ती, चौथीत होती. तिनं तर लॅपटॉपला कान चिकटवला. "पप्पा, देअर इज नो साउंड," म्हणाली आणि खेळायला गेली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हरिदासची उमेदीची वर्षं धडधडत्या कॉम्प्रेसरशेजारी गेली होती. कंपनीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं की बारीक आवाज तुमच्या कानांतून गेले, ते परत येणार नाहीत. आणि ते खरंच होतं. मनगटावरच्या घड्याळाचा गजर त्याला ऐकू यायचा नाही, श्रावस्ती त्याचा हात हलवून सांगायची. त्या माणसाला हा आवाज ऐकू येत होता. घरात फक्त त्याला.

शुक्रवारी तो लॅपटॉप घेऊन मनामाला गेला. तिथं नजीब नावाच्या एका मलबारी माणसाचं दुरुस्तीचं दुकान होतं. नजीबनं लॅपटॉप उघडला, आतली धूळ उडवली, तास-दीड तास चालवून पाहिला. दुकानात एकदाही शीळ आली नाही.

"भाई, मशीन एकदम ठीक है," नजीब म्हणाला. मग हरिदासच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आप थोडा सो जाओ."

पण झोप कुठली. लॅपटॉप मिटून, चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला तरी शीळ भिंतीतून यायची. मग तो उठायचा, टेबलाशी बसायचा, दोन ओळी लिहायचा. शांत. पुन्हा आडवा झाला की पुन्हा. शेवटी तो झोपायचंच टाळू लागला. रिपोर्ट पुढे सरकत होता, माणूस मागे पडत होता. गालफडं बसली. जेवताना घास हातात राहायचा. एका सकाळी सित्राच्या पुलावर गाडी चालवताना त्याचा डोळा लागला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला म्हणून वाचला. जाग आली तेव्हा गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर होती आणि खाली पाणी. पुढचा रस्ता तो कसा गेला हे त्याला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं हे पुष्पलताला सांगितलं. तिनं टेबलावरचा लॅपटॉप दूर सारला. मग म्हणाली, "तो डबा वापस करा. हातानं लिहा, मी उतरवून देतो. पण वापस करा."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टोअरमध्ये दुसरा लॅपटॉप मागितला. नव्हता. "ह्याला झालंय काय?" स्टोअरकीपर म्हणाला. "हा तर कंपनीच्या जनाबियाच्या व्हिलातून आलाय. अकाउंट्सचे जमालुद्दीन राहतात ना, त्यांच्या खोलीतून. त्यांना विचारा."

हरिदासनं जमालुद्दीनचा नंबर घेऊन ठेवला. विचारायचं काय, हेच त्याला कळेना.

आता ती रात्र. गुरुवार, चौदा नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सुट्टी. श्रावस्ती झोपली होती. अकराच्या सुमारास हरिदासनं रिपोर्टचं शेवटचं पान संपवलं. फ्लॉपीवर उतरवून घेतलं, फ्लॉपी ऑफिसच्या बॅगेत टाकली. लॅपटॉप बंद केला, झाकण मिटलं. पुष्पलता समोर बसून होती. तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

दोघं तसेच बसून राहिले. उठायचंही त्राण नव्हतं.

आणि शीळ सुरू झाली.

हरिदासनं चार्जर काढला. शीळ चालूच. लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली, बाजूला ठेवली. आता त्यात वीज कुठून येणार? शीळ चालूच. तो वाकला. पहिल्यांदाच त्यानं ती नीट ऐकली. ती एकसारखी नव्हती. चढायची... मध्येच अडायची... मग पुन्हा चढायची. त्यानं मान वर केली, तर पुष्पलता टेबलाकडे बघत होती.

"मले ऐकू येऊन राहिलं," ती हळूच म्हणाली.

त्यानं जमालुद्दीनला फोन लावला. इतक्या रात्री फोन केल्याबद्दल माफी मागितली आणि लॅपटॉपमधून येणाऱ्या आवाजाबद्दल विचारलं. मग जमालुद्दीन म्हणाला, "मी येतो."

जमालुद्दीन कोकणातला, म्हसळ्याकडचा, पन्नाशीचा, पाच वेळचा नमाजी. जिना चढून आला, चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन सलाम केला. बाहेर वारा सुटला होता. पुष्पलतानं बिनदुधाचा सुलेमानी चहा ठेवला. जमालुद्दीननं कप उचलला.

"कसला आवाज म्हणता, हरिदासभाई? मला तर..."

तो थांबला.

कप त्यानं खाली ठेवला.

"या अल्ला," तो म्हणाला. "ही तर लतीफची छाती."



मग त्यानं सांगितलं. लतीफ त्याचा गाववाला. साइटवर इन्स्पेक्टर. जनाबियाला दोघं एका खोलीत राहायचे. लतीफला दमा होता. दिवसभर प्लांटवर उभा राहून यायचा, रात्री रिपोर्ट लिहायचा. दमला की त्याची छाती अशीच वाजायची, बारीक शीळ घातल्यासारखी. कामात असला की श्वास दाबून धरायचा. हात थांबले की शीळ. गावाला त्याच्या मुलीचा, तय्यबाचा, निकाह ठरला होता. त्यानं रजा मागितली. साहेब म्हणाला, आधी रिपोर्ट दे, मग रजेचं बघू.

"मागच्या वर्षी," जमालुद्दीन म्हणाला. "ह्याच लॅपटॉपवर. मी सकाळी उठलो तर टेबलावर डोका ठेवून बसलेला. मला वाटला, झोपलाय."

हरिदासनं लॅपटॉपकडे पाहिलं. आधी रिपोर्ट दे, मग रजेचं बघू. तेच शब्द.

शीळ चढली... अडली.

"आमच्यात असा काही मानत नाहीत," जमालुद्दीन म्हणाला. "गेला तो गेला. परत येत नाही."

"आमच्यातही नाही मानत," हरिदास म्हणाला.

काही न मानणारी दोन माणसं, आणि मध्ये तो आवाज.

मग जमालुद्दीन खुर्ची सरकवून टेबलाजवळ गेला. लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. "लतीफ. मी जमाल. काम झाला रे. खलास. आता नीज."

शीळ थांबली नाही.

"काम खलास, लतीफ. ऐकतोस ना?"

उलट वाढली. धाप लागल्यासारखी. आत कुणी उठायला बघतंय आणि उठवत नाही, अशी. जमालुद्दीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हळू आवाजात दुवा म्हणू लागला. पुष्पलता उठून मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

हरिदास बसूनच होता. त्याला भीती वाटत होती का? तो म्हणतो, नाही. भ्यायलाही जोर लागतो, आणि इतका दमलो होतो की तोही उरला नव्हता. समोरचाही दमलेलाच आहे, एवढंच त्याला कळत होतं. काम संपलं हे ऐकून दमलेल्या माणसाचं काय होणार? काम कधी संपत नसतं. एक संपलं की दुसरं येतं. आपल्याला काय ऐकायचंय, हे त्यानं स्वतःला विचारलं.

त्यानं लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. झाकण गार होतं.

"लतीफभाई," तो म्हणाला. "तुमची रजा मंजूर झाली."

शीळ अडली.

"झाली मंजूर. साहेबांनी सही केली. आता थांबू नका. जा घरी."

काही नाही.

मग... एक लांब श्वास. बाहेर सोडलेला. खूप वेळ चाललेला. बारीक होत होत गेला... आणि संपला.

वाऱ्यानं कुठलीतरी खिडकी आपटली. बऱ्याच वेळानं जमालुद्दीन म्हणाला, "गेला."

त्या रात्री तो परत गेला नाही. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं, समोरची इमारत दिसत नव्हती. पुष्पलतानं त्याला बैठकीतल्या सोफ्यावर पांघरूण दिलं आणि दाराला आतून कडी घातली. हरिदास आडवा झाला तो मेल्यासारखा झोपला.

पुढचं सांगून टाकतो. शनिवारी त्यानं रिपोर्ट दिला, लॅपटॉप स्टोअरमध्ये परत केला. रजा मिळाली. अकोल्याला पोचला तेव्हा वडील शुद्धीत होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि एका बाजूनं हसले. तो हिवाळा त्यांनी काढला. हरिदास पुढं त्याच कंपनीत बरीच वर्षं होता. त्या लॅपटॉपची शीळ नंतर कुणाला ऐकू आल्याचं त्याच्या कानावर आलं नाही.

पण शुक्रवारची सकाळ राहिली सांगायची.

पहाटे फजरच्या अजानला जमालुद्दीन उठला. कडी काढून त्यानं दार उघडलं आणि तिथंच थांबला. "हरिदासभाई," त्यानं हाक मारली. अगदी हळू.

हरिदास आला. जिन्याच्या खिडकीला काच नव्हती. रात्रभर धूळ आत आली होती. सगळ्या पायऱ्यांवर पिठासारखा थर बसला होता. जमालुद्दीनच्या चपला दाराशी होत्या तशाच होत्या, धुळीनं भरलेल्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

उंबऱ्यापासून पावलं सुरू होत होती. साइटवर घालतात तसल्या जाड बुटांची. वर येणारं एकही नाही. सगळी खाली जाणारी.

दोघं भिंतीला धरून, कडेकडेनं उतरले. पावलं तळमजल्याच्या दारापर्यंत गेली होती. दार बंद होतं, ते त्यांनी उघडलं. बाहेर रस्त्यावर धूळ होती. सपाट. कुणी पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं.

आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर, पावलांच्या शेजारी... जड बॅग टेकवून माणूस जरा दम खातो ना... तशी एक चौकोनी खूण होती.