रिकाम्या खोगिराची तिकिटं

केसांत तुटक्या दातांचा लाकडी कंगवा खोचून ओनुर टपालखोलीच्या दारात कॉफीसाठी आलं कुटत बसला होता. तांबड्या समुद्राकडच्या त्या उजाड डोंगरांत दोघे भाऊ पाळीपाळीने उंटावरून टपाल नेत. एक वाटेवर असला की दुसरा खोली सांभाळी. ही फेरी खरं तर ओनुरची. पण ऊन बघून त्याने तापाचं सोंग घेतलं आणि धाकटा ओशेक हसत निघून गेला. आता त्याला पाच दिवस उशीर झाला होता. ओनुर सारखा वाटेकडे बघत होता.

भर दुपारी उंट दारात येऊन बसला.

"मेलास की काय वाटलं रे!" ओनुर ओरडला.

"ताप उतरला वाटतं तुझा?" ओशेक सावलीत टेकत म्हणाला. "कॉफी दे, दादा. फार तहान लागलीय."

पहिला पेला देऊन ओनुरने टपालाची पिशवी आत नेऊन उघडली. सरकारी तिकिटावर नेहमीचंच चित्र असे: वाळवंट, धावता उंट, वर स्वार. तो स्वार मीच, असं ओशेक ऐटीत सांगत फिरे. आज पहिल्या पाकिटावर उंट होता, स्वार नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. ओनुरने सगळी पाकिटं चाळली. एकूण एक खोगीर रिकामं!

तेवढ्यात ओशेकला शोधायला गेलेला हदबमामा मागच्या दाराने आला. वाळूतले ठसे वाचण्यात म्हातारा आजवर चुकला नव्हता.

"ओनुर... उंट एकटाच आला रे."

"एकटा कसा? ओशेक बाहेर कॉफी पितोय."

मामाने मान हलवली. "वाटेतल्या विहिरीपासून ठसे बघत आलोय मी. उंटाचे पाय खोल रुतलेच नाहीत... पाठीवर पिशवीशिवाय काही नव्हतं."

"मामा, हळू बोल..."

त्यांच्या लोकांत कॉफीचे तीन पेले झाल्याशिवाय कुणी उठत नसे. बाहेरून आवाज आला, "दादा, दुसरा दे की. तिसरा झाला की निघू आपण."

"ओशेक, चुकलं रे माझं," ओनुर पुटपुटला.

टेबलावर तिकिटांचा नवा कोरा ताव पडला होता. त्यावर सगळे स्वार जागच्या जागी होते. फक्त शेवटच्या तिकिटावर दोघे बसले होते, आणि मागच्याच्या केसांत तुटक्या दातांचा कंगवा होता.

ओनुरने आपले केस चाचपले. कंगवा तिथे नव्हता.